सुमनताईंनी ऐकलेलं ‘वं’

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळची वेळ, अंबाझरी घाट. हजर: सुमनताईंची मुलगी अनघा आणि जावई, काटोलहून आलेले धाकटे भाऊ, कौटुंबिक न्यायालयातले सात-आठ वकील, ताईंचे जुने मुन्शी, आमच्या बालगृहातून मी आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या गिरजामावशी, दवाखान्यातली पाळी संपवून गणवेशातच आलेली मेरी सिस्टर, आणि थोडं मागे, कुणाशी न बोलता उभी असलेली बरीच तरुण मुलं-मुली. त्यांतल्या निम्म्यांना मी नावानं ओळखत होते, निम्म्यांना नाही. मुलींच्या बालगृहाची अधीक्षिका म्हणून इतकी वर्षं काढल्यावर कुठंही गेलं की आधी हजेरी घ्यायची सवय लागते. त्रिशरण-पंचशील झालं, भावानं अग्नी दिला आणि गिरजामावशी माझ्या कानाशी म्हणाल्या, “वकीलबाई असत्या तं म्हनल्या असत्या, एवढे लोक उभे ठेवले, कोनाले पानी तरी इचारलं का वं?” मी जाऊन पाण्याचं बघितलं. त्या दिवशी मला करता येण्यासारखं तेवढंच होतं.

बातमी आदल्या दिवशी सकाळी अनघाच्या फोननं आली. “मावशी, आई गेली. झोपेतच.” मी विचारलं, डॉक्टरांचा दाखला झाला का, काटोलला कळवलं का, कोण आहे तुझ्याजवळ? ती पलीकडे रडता रडता हसली. “आई म्हणायचीच, मी गेले की वंदनाला पहिला फोन कर, ती रडायच्या आधी यादी करेल.” खरं होतं ते. यादी केली. रडणं बरंच नंतर, भाजी घेताना झालं.

ॲडव्होकेट सुमन गजभिये हे नाव या पुरवणीच्या वाचकांपैकी पोटगी किंवा मुलांच्या ताब्याच्या दाव्यात अडकलेल्यांना माहीत असेल. बाकीच्यांना नसेल, कारण ताईंना व्यासपीठावर बसायचा कंटाळा होता. उंची बेताची, आवाज मात्र मोठा, कोर्टात स्वच्छ प्रमाण मराठी आणि कोर्टाच्या पायऱ्या उतरल्या की काटोलची बोली. वेळेवर कधी येत नसत. चष्मा, किल्ल्या, फाइल यांपैकी एक वस्तू रोज हरवलेली असे. माझ्या याद्यांची त्या मनसोक्त थट्टा करत आणि त्याच याद्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःची टिपणं काढत. “तुझ्या यादीत श्वास घ्यायचं लिहिलं का वं वंदना?” असं विचारणारी ही बाई माझी मैत्रीण होईल असं पहिल्या भेटीत मला मुळीच वाटलं नव्हतं.

ती भेट एका मुलीमुळे झाली. तिचं नाव छापायचं नाही, तसा कायदाच आहे. गिरजामावशींनी ठेवलेल्या नावानं मी तिला पारू म्हणते. देशही लिहीत नाही. डोंगराळ आहे, तिथं भात पिकतो आणि तिथं गावागावांत सैन्य शिरलेलं आहे, एवढं पुरे. नागपूर स्टेशनवर एका लांब पल्ल्याच्या गाडीतून तिला उतरवलं गेलं तेव्हा तिच्याजवळ कागद नव्हता आणि आपल्याकडची एकही भाषा तिला येत नव्हती. बालकल्याण समितीनं तिला आमच्याकडे पाठवलं. पहिले काही आठवडे ती फक्त स्वयंपाकघरात बसायची. गिरजामावशी खापा गावच्या, त्यांच्या तोंडाला विराम नाही. पोळ्या लाटता लाटता त्या बोलत राहायच्या आणि पारू ऐकत राहायची. वर्षभरात पोरीला मराठी आली, पण ती गिरजामावशींची मराठी. आपल्याकडे बाईमाणसाशी बोलताना ‘वं’ लावतात. पारूला वाटलं, मराठी वाक्य असंच संपतं. ती सगळ्यांनाच ‘वं’ लावायची. तपासणीला आलेल्या साहेबांना तिनं गंभीरपणे “बसा वं” म्हटलं होतं, आणि ते इतके गोंधळले की खरंच बसले.

आपल्या देशात आश्रय मागणाऱ्यांसाठी वेगळा कायदा नाही. दिल्लीतलं एक कार्यालय अशा माणसाची मुलाखत घेतं आणि ठरवतं, की याला परत पाठवलं तर जिवाला धोका आहे की नाही. नकार आला तर अपील करता येतं, ठरलेल्या मुदतीत. पारूची मुलाखत व्हिडिओवरून झाली, एका सरकारी इमारतीतल्या खोलीत. तिची भाषा जाणणारं कुणी तेव्हा सापडलं नव्हतं. तिला मराठी येते म्हणून मराठीतून इंग्रजी करायला नागपूरच्याच एक अनुवादक बाई बोलावल्या होत्या. मला बाहेर बसवलं होतं. सलग दुपारभर मुलाखत चालली. बाहेर आली तेव्हा पोरीचा चेहरा पाटी पुसल्यासारखा होता. काही आठवड्यांनी नकार आला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, अर्जदाराने स्वतःचं वय अठरा सांगितलं आहे, म्हणजे ती सज्ञान आहे. दुसरी, आजोबांना एकटं सोडून का निघालीस, या प्रश्नाला वारंवार विचारूनही तिने उत्तर दिलं नाही. सबब तिचं म्हणणं विश्वासार्ह वाटत नाही.

याचा अर्थ मला नीट समजत होता. अठराच्या आत असेल तर बालगृह, शाळा आणि लहान माणसाला झेपेल अशी सुनावणी. अठरा पूर्ण असतील तर आमच्याकडे राहण्याचा हक्क संपला. परदेशी नागरिकांना ठेवतात त्या बंद केंद्रात रवानगी, आणि नकार कायम राहिला तर तिथून परत, ज्या गावातून ती जीव घेऊन पळाली त्या गावाकडे. मी चार वकिलांना फोन केले. तिघांनी ‘हा आमचा विषय नाही’ असं सांगितलं. चौथ्या सुमनताई. त्या म्हणाल्या, “माझाही नाही. मी पोटगीवाली बाई. पण कायदा रात्रीतून वाचता येते, पोरगी नाही येत. पोरगी पाहू दे आधी.”

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, अर्थातच उशिरा, हातात फाइल नाही, तर तुरीच्या शेंगांची पिशवी. हिवाळा होता. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली फतकल मारून बसल्या, शेंगा मधे ओतल्या आणि सोलायला लागल्या. पारूकडे बघितलंही नाही. थोड्या वेळानं पारूही सोलायला लागली. गिरजामावशींनी विचारलं, “काय करता याचं, वकीलबाई?” ताई म्हणाल्या, “सोलेभात करा. तुमच्या हातचा खाल्ल्याबगर मी केस घेत नसतो.” त्या दिवशी त्यांनी केसबद्दल चकार शब्द काढला नाही. मला ते फार खटकलं. अपिलाची मुदत चालू होती आणि मी विचारायच्या मुद्द्यांचा कागद तयार ठेवला होता. जाताना त्यांनी तो घेतला, वाचला आणि माझ्यासमोर प्रत्येक ‘का’ पेनानं खोडला. “मॅडम, हा शब्द इथं चालणार नाही. आपल्या लहानपणी आपल्याले ‘काहून’ कधी विचारत होते? काहून सांडलं, काहून उशीर केला, काहून रडून राहिली. ‘काहून’ म्हटलं की पोराले वाटते, आपलं चुकलं. मग ते उत्तर नाही देत, सफाई देते. नाहीतर गप्प बसते.” मग काय विचारायचं, मी विचारलं. त्या म्हणाल्या, “मग.”

मला वाटलं, वाक्य अर्धवट राहिलं. पण तेवढंच होतं. ‘मग?’ पुढच्या तीन-चार भेटींत मी ते ऐकलं. शेंगा फुटत होत्या, पारू बोलत होती, ती थांबली की ताईही थांबत, वाटीतले दाणे चाळत, आणि अगदी हळू, शेजारीण गप्पा मारताना विचारते तसं म्हणत, “मग?” तोवर मी मेरी सिस्टरला शोधलं होतं. ती आमच्या ओळखीच्या एका दवाखान्यात नर्स आहे, ईशान्येकडची, आणि तिच्या आजोळची भाषा पारूच्या भाषेच्या जवळची. दोघी पहिल्यांदा बोलल्या तेव्हा पारू इतक्या वेगानं बोलायला लागली की सिस्टरला तिचा हात धरून थांबवावं लागलं. ताईंनी नियम घातला: पोरीला जे ज्या भाषेत सांगावंसं वाटेल ते त्या भाषेत सांगू द्यायचं, मधेच बदललं तरी चालेल. त्यामुळे तिचं बोलणं असं निघायचं, की गाव, शाळा, आजोबा हे तिच्या भाषेत, आणि रस्ता, गाडी, पोलीस, भूक हे गिरजामावशींच्या मराठीत.

तिच्या गावात काय झालं ते तिचं आहे, मी लिहिणार नाही. आजोबांचं मात्र लिहिते, कारण नाव न घेता हे सांगा, असं तिनंच पुढे ताईंना सांगितलं होतं. ते दोघं निघाले होते. डोंगराच्या वाटेला लागल्यावर आजोबा म्हणाले, शेळी बांधलेली राहिली, सोडून येतो, नाहीतर उपाशी मरेल. तू चालत राहा, मागे वळू नको. ती चालत राहिली. तिनं मागे वळून पाहिलं नाही... आणि मुलाखतीत तिला विचारलं होतं, आजोबांना सोडून का निघालीस? हे ऐकल्यावर गिरजामावशी पदर तोंडाला लावून उठून गेल्या. ताईंचे हात थांबले नाहीत. त्यांनी एक शेंग सोलली आणि दाणे पारूच्या हातावर ठेवले. रिक्षात बसताना मात्र मला म्हणाल्या, “हिनं उत्तर दिलं नाही असं कोणं लिहिलं? हिच्याजवळ उत्तर होतं. तो प्रश्नच तिचा नव्हता.”

म्हणजे दुसरा मुद्दा हाती आला होता. पहिला, वयाचा, अडून बसला होता, आणि तो सुटल्याशिवाय दुसऱ्याला वाव नव्हता. सज्ञान माणसाची सुनावणी दिल्लीच्या पद्धतीनं होणार, सलग, प्रश्नांवर प्रश्न. शाळेचा कागद गावाबरोबर जळलेला. हाडांची तपासणी करा असं काहींनी सुचवलं. ताई म्हणाल्या, ती अगदी शेवटी. त्यात वर्ष-दीड वर्ष इकडेतिकडे होतं आणि इथं प्रश्नच तेवढ्याचा आहे. सिस्टरनं पारूच्या भाषेत विचारलं तर ती सांगायची, सतरा भरली, आत्ता सुगीनंतर. मग मुलाखतीत अठरा का सांगितलं? हा ‘का’ माझा. मी तो पारूला नाही, ताईंना विचारला. नकारात काय लिहिलं आहे ते सिस्टरनं सांगितल्यावर पारूनं मात्र ठामपणे सांगितलं, की मी अठरा म्हटलंच नाही.

ताईंनी अर्ज करून मुलाखतीचं ध्वनिमुद्रण मागवलं. ते आमच्या कार्यालयात, माझ्या संगणकावर ऐकलं. मी, ताई आणि गिरजामावशी. मावशींना ताईंनी मुद्दाम बोलावून घेतलं, “तुमच्या शाळेतली पोट्टी आहे, तुम्ही ऐका.” नाव विचारलं. पारू म्हणाली, “पारू वं.” जेवलीस का? “हो वं.” इथं बरं वाटतं का? “वाटते वं.” तुझं वय काय? “अठरावं.” अनुवादक बाईंनी इंग्रजीत सांगितलं, अठरा. ताईंनी ध्वनिमुद्रण थांबवलं. मागे नेलं. पुन्हा ऐकलं. “अठरावं.” पुन्हा. माझ्या कानाला काहीच लागलं नाही. ताईंनी गिरजामावशींकडे वळून विचारलं, “मावशी, तुमची नात केवढी?” मावशी गोंधळून म्हणाल्या, “तिसरं लागलं.” ताई खुर्चीत मागे रेलल्या आणि हसायला लागल्या. मोठ्यानं नाही. डोळे पुसत, खांदे हलवत, एकट्याच.

मग त्यांनी माझ्या यादीचा कागद उलटा केला आणि त्यावर दोनदा लिहिलं. एकदा ‘अठरा, वं’ आणि एकदा ‘अठरावं’. पोरगी गिरजामावशींकडून वय सांगायची रीतही शिकली होती. मावशी कुणाचंही वय पुरं झालेलं सांगत नाहीत, चालू असलेलं सांगतात: नातीला तिसरं लागलं, सुनेला तिसावं चालू आहे. पारूला सतरा पुरी होऊन अठरावं लागलं होतं आणि तिनं तेच सांगितलं. पण त्याआधीच्या प्रत्येक उत्तराला तिनं शेपटासारखं ‘वं’ लावलं होतं. अनुवादक बाई नागपूरच्या. त्यांनी प्रत्येक वेळी ते ‘वं’ सवयीनं काढून टाकलं. नाव वं, हो वं, वाटते वं... आणि अठरा वं. बाहेरचा माणूस असता तर त्यानं कदाचित विचारलं असतं, अठरावं म्हणजे काय? आपल्या माणसाला विचारायची गरज वाटली नाही. अख्खं वर्ष त्या एका अक्षराबरोबर गळून गेलं होतं.

ताईंबद्दल मी सगळ्यांत कृतज्ञ आहे ती त्यांनी हे पकडलं म्हणून नाही, तर पकडल्यावर जे केलं त्यासाठी. माझं म्हणणं होतं, अनुवादक बाईंवर तक्रार करा, अपिलात लिहा की भाषांतर निष्काळजी होतं. ताई त्या बाईंच्या घरी गेल्या. मला बरोबर नेलं. चहा घेतला, आणि म्हणाल्या, “बाई, तुम्ही चुकीचं नाही ऐकलं. तुम्ही आपल्या गावचं ऐकलं. मीही पहिल्यांदा तेच ऐकलं. आता आपण दोघी मिळून दिल्लीले ते समजावून सांगू.” बाईंचा चेहरा आधी पडला होता. मग त्यांनी स्वतःच कागद घेतला आणि काय ऐकलं, काय काढून टाकलं, ते स्वच्छ लिहून दिलं. दारात निरोप देताना त्या म्हणाल्या, “पोरीले सांगा, मी मुद्दाम नाही केलं.” ताई म्हणाल्या, “तुम्हीच सांगा. सुनावणीच्या दिवशी या. सोलेभात आहे.”

सुनावणीसाठी ताईंनी आधीच लेखी मागण्या पाठवल्या होत्या. सरकारी इमारतीत नाही, बालगृहाच्या जेवणघरात. पोलीस गणवेशात नकोत. मधे सुट्टी, आणि सुट्टी कधी ते पोरगी ठरवेल. तिच्या शेजारी तिची भाषा बोलणारी व्यक्ती. पारूनं पडद्याकडेच बघत बोललं पाहिजे अशी सक्ती नको, आणि हाताला काम असू द्यावं. दिल्लीकडून उत्तर आलं: हाताला काम म्हणजे काय, खुलासा करावा. ताईंनी खुलासा केला: शेंगा सोलणे. आणखी एक गोष्ट त्यांनी कुणाला न विचारता ठरवली. पारू बालगृहाच्या गणवेशात बसणार नाही. “लग्नाले जाताना आपण कपडे पाहतो ना? मग तिच्या जिवाचा फैसला आहे, तिच्या पसंतीचं तं घालू दे.” आम्ही तिघी गांधीबागेतल्या कापडबाजारात गेलो. दुकानदारानं फुलाफुलांचे तागे उलगडले, गुलाबी, पोपटी, चमकीचे. पारूनं वरच्या फळीकडे बोट दाखवलं. गडद निळं, साधं, जाड कापड. दुकानदार म्हणाला, “ताई, ते शर्टिंग आहे, जेन्ट्सचं.” ताई म्हणाल्या, “मग काय झालं भाऊ, कपडा थोडीच पाहून राहिला कोण घालते ते.” “पण पोरीवर शोभणार नाही ना.” “तुमच्यावर तरी कुठं शोभते, तरी घातलंच ना तुम्ही.” तो हसला आणि ताग्यावर मीटर टेकवला. पारूनं नंतर सिस्टरला सांगितलं, की तिच्या शाळेचा सदरा त्याच रंगाचा होता.

सुनावणीच्या दिवशी जेवणघरात हजर: पारू निळ्या कुर्त्यात, तिच्या एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला ताई, दाराशी मी, आतल्या खोलीत मावशी आणि अनुवादक बाई. पडद्यावर दिल्लीच्या मॅडम, शांत, थोड्या थकलेल्या. सुरुवात होऊन काही मिनिटंच झाली आणि त्यांनी विचारलं, “ये आवाज़ कैसी आ रही है?” शेंगा फुटल्याचा आवाज मायक्रोफोनमधून मोठा होऊन जात होता. ताई म्हणाल्या, “तुअर छील रही है, मैडम. खुलासा भेजा था. आपको भी खिलाते, मगर आप दूर बैठी हैं.” मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. हसू लपवायला लोक तेच करतात. वयाचा मुद्दा आधी झाला. ताईंनी मावशींना पडद्यासमोर आणलं आणि त्यांच्या सगळ्या नातवंडांची वयं विचारली. मावशी पदर सावरून एकेक सांगत गेल्या: मोठ्याले दहावं लागलं, त्याच्या खालचीले सातवं, ल्हानीले तिसरं. प्रत्येकाचं पुरं वय किती, ते ताईंनी विचारून घेतलं. तिसऱ्या नातवंडापाशी मॅडमनी हात वर केला, “समझ गई, समझ गई.” अनुवादक बाईंनी आपलं लिहिलेलं वाचून दाखवलं आणि वाचून झाल्यावर पारूकडे बघून माफी मागितली. पारू म्हणाली, “जाऊ द्या वं.” तेव्हा जेवणघरात पहिल्यांदा सगळे हसले, पडद्यासकट.

मग पारूनं गाव सोडून वाटेला लागेपर्यंतचं सांगितलं. पण अजून आजोबा बाकी होते. मॅडमनी कागद पाहिला आणि सवयीनं इंग्रजीत विचारायला सुरुवात केली, “तू का...” ताईंनी अदबीनं थांबवलं. कोर्टातल्या स्वच्छ आवाजात विचारलं, प्रश्न थोडा वेगळा करता येईल का? वाट सुरू झाली तिथपर्यंत ती आली आहे. आपण फक्त पुढे काय झालं, एवढं विचारलंत तर ती सांगेल.  मॅडम कागद बाजूला ठेवून हिंदीत म्हणाल्या, “अच्छा बेटा. फिर?” सिस्टरला भाषांतर करावं लागलं नाही. पारूनं सांगितलं. शेळीपर्यंत आली, थांबली, एक शेंग सोलली, पुन्हा थांबली.  पडद्यावरच्या मॅडमनी मधे काही विचारलं नाही, आणि एवढ्या लांब बसलेल्या माणसानं गप्प राहायचं ठरवलेलं दिसत होतं, हे मी आजवर विसरलेले नाही. पारूनं शेवटपर्यंत सांगितलं. मग म्हणाली, “झालं वं. आता सुट्टी पाहिजे.” मिळाली.

अपील मान्य झालं. निकाल ताईंकडे आला तेव्हा त्यांनी मला फोनवर सांगितला नाही. म्हणाल्या, “आधी तिले. निकाल तिचा आहे.” येऊन तिला सिस्टरसमोर बसवलं, आणि तिच्या भाषेतलं वाक्य स्वतः पाठ करून आल्या होत्या, ते म्हणून दाखवलं. उच्चार इतका वाईट होता की पारूला कळायला वेळ लागला. कळल्यावर तिनं विचारलं, “म्हणजे आता दहावीची परीक्षा द्याच लागते का?” ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “घे. हिले तुझ्या यादीत टाक.”

त्यानंतर ताईंकडे अशी बरीच मुलं आली. सगळी परदेशची नव्हती. कुणी घरातल्याच माणसाविरुद्ध साक्ष द्यायला आलेलं, कुणी आई की बाबा या प्रश्नात चिरडलेलं. घाटावर मागे उभे होते ते तेच. ताई उन्हाळ्यात चिंचा घेऊन जायच्या, पावसाळ्यात मक्याची कणसं, दिवाळीनंतर मेथीची जुडी. नव्या वकिलांना शिकवायला बोलावलं तर भाषण करायच्या नाहीत, सगळ्यांपुढे भाजी ठेवायच्या. एका तरुण वकिलानं विचारलं होतं, मॅडम, हे कायद्यात कुठल्या कलमाखाली येतं? त्या म्हणाल्या, “जिथं ‘मुलाचं सर्वोत्तम हित’ लिहिलं आहे ना, त्याच्याखाली जागा कोरी आहे. तिथं ठेव जुडी.” या बाईनं मला माझ्याच कामाकडे नव्यानं बघायला लावलं. आमच्याकडे मूल आलं की आजही प्रवेशाचा अर्ज मीच भरते, पण पहिल्या दिवशी नाही. वयाच्या रकान्याशेजारी आता ‘पुरं’ आणि ‘चालू’ असे दोन रकाने आहेत. मूल बोलायचं थांबलं तर मीही थांबते. हे सगळं त्यांचं आहे, आणि ते रोज हाताशी येतं, म्हणून दुःखापेक्षा आधार जास्त वाटतो.

पारू आता, तिला आश्रय दिलेल्या दूरच्या एका थंड देशात राहते आणि वृद्धांची शुश्रूषा करायचं शिक्षण घेते. तिथं पोचल्यावर कळलं, की अपील जिंकलं तरी मूळ नोंदीतली जन्मतारीख तशीच राहून गेली आहे; तिच्या नव्या ओळखपत्रावर ती अजूनही खऱ्यापेक्षा एक वर्षानं मोठी आहे. ताईंनी दिल्लीच्या त्याच कार्यालयाकडे दुरुस्तीचा अर्ज केला होता. डिसेंबरात मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या अंगणात उन्हाला बसल्या होत्या, थकलेल्या, पण फाइल मांडीवर. “एवढं एक वर्ष तेवढं तिचं तिले परत करायचं आहे,” म्हणाल्या. “बाकीचं तिनं स्वतःच घेतलं.” पुढची तारीख फेब्रुवारीत पडली आहे. तिथं उभं राहायला त्यांच्याच हाताखाली तयार झालेली एक मुलगी कबूल झाली आहे. नवं वकीलपत्र माझ्या टेबलावर तयार आहे. त्यावर पारूची सही हवी. ते तिला पाठवायचं, तर जुनं का चालत नाही ते आधी सांगावं लागेल; तिला अजून माहीत नाही.

मेरी सिस्टरनं त्यासाठी गेल्या बुधवारी सुट्टी घेतली होती. आम्ही दोघी फोन समोर ठेवून बसलो, चहा झाला, इकडचं तिकडचं बोललो, आणि सिस्टर घरी गेली. आता येत्या रविवारचं ठरवलं आहे. तिकडे सकाळ असेल, पारूला कामाची घाई नसेल, आणि ती नेहमीप्रमाणे आधी गिरजामावशींची चौकशी करेल, मग ताईंची. पाकीट तयार आहे, पत्ता लिहिला आहे, तिकिटं लावली आहेत. फोन करायचा राहिला आहे.